सैरंध्रीचें गाऱ्हाणें

कांहीं नाटकांविषयीं बोललें फार जातें आणि तीं वाचलीं मात्र फारशीं जात नाहींत. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें 'कीचकवध' हें त्यांतलेंच एक. १९०७ सालीं महाराष्ट्र नाटक मंडळीनें तें रंगभूमीवर आणलें, १९१० च्या जानेवारींत सरकारनें त्याचे प्रयोग बंद केले, कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन आणि द्रौपदी म्हणजे हिंदभूमि, — एवढा मजकूर वाङ्मयेतिहासाच्या कोणत्याहि पुस्तकांत सांपडतो व तेथून परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत उतरतो. नाटक कपाटांतच राहतें. बंदीची कीर्ति ही मोठी विचित्र वस्तु आहे. ती ग्रंथाला मरूं देत नाहीं, परंतु वाचकाच्या हातींहि लागूं देत नाहीं; ग्रंथाऐवजीं त्याची हकीकतच आपण वाचीत बसतों. येथें लिहावयाचें आहे तेंहि या बंदीविषयींच. तथापि आरंभ नाटकापासून, किंबहुना नाटकाच्याहि मागें असलेल्या मूळ कथेपासून करणें बरें. बंदी घालणाऱ्यांनीं काय केलें याचें सर्वांत नेमकें वर्णन, आमच्या मतें, त्या कथेंतच आधीं येऊन गेलें आहे.

विराटपर्वांतील प्रसंग वाचकांस ठाऊक आहे. अज्ञातवासाच्या वर्षीं द्रौपदी सैरंध्री होऊन सुदेष्णा राणीच्या पदरीं राहिली आहे. राणीचा भाऊ आणि राज्याचा सेनापति कीचक तिच्या पाठीस लागतो. मद्य आणण्याच्या मिषानें राणीच तिला त्याच्या घरीं पाठविते. तेथून निसटलेली सैरंध्री धांवत येते ती थेट राजसभेंत. कीचक मागोमाग येतो, तिचे केस धरतो आणि राजाच्या डोळ्यांदेखत तिला लाथ मारतो. ती सभेंतच कां गेली? भीमाची पाकशाळा होती, राणीचें अंतःपुर होतें. तेथें न जातां ती चार लोक बसले आहेत तेथें जाते, कारण अन्यायाची वाच्यता चार लोकांत करावयाची असते ही तिची जुनी समजूत आहे. हस्तिनापुरांतहि तिनें हेंच केलें होतें, आणि तिच्या तेथील प्रश्नाचें उत्तर भीष्मांनाहि नीट देतां आलें नव्हतें.

आतां मत्स्यराजाच्या सभेनें तिला काय उत्तर दिलें तें पाहावें. विराट म्हणतो, तुमचा कलह माझ्या पाठीमागें झाला. त्यांतलें तथ्य जाणल्यावांचून मी निवाडा कसा करूं? लाथ त्याच्या समोर बसलेली असते, परंतु तिच्यासंबंधीं तो कांहीं बोलत नाहीं. सभासद सैरंध्रीची स्तुति करतात, कीचकाची निंदा करतात आणि आसनावर बसून राहतात. आणि कंक, म्हणजे तिचा स्वतःचा ज्येष्ठ पति, तिला सांगतो कीं तुला वेळकाळ कळत नाहीं, तूं नटीप्रमाणें रडते आहेस, आणि राजसभेंत चाललेल्या खेळांत तूं विघ्न आणते आहेस.

पुरावा नाहीं, हें सोंग आहे, कामांत व्यत्यय येतो. पुढील काळांत गाऱ्हाणें मांडणाऱ्याला सत्तेकडून जीं जीं उत्तरें मिळालीं, तीं बहुधा या तिहींत सामावलेलीं दिसतील. व्यासांची निर्दयता अशी कीं व्यत्यय नेमका कशांत येतो हेंहि त्यांनीं झांकून ठेविलें नाहीं. तो फांशांच्या खेळांत येतो. ज्या फांशांपायीं ती राणीची दासी झाली, त्याच फांशांचा डाव तिच्या रडण्यानें मोडूं नये!

कंकावर अन्याय करावयाचा नाहीं. अज्ञातवास फुटला तर पुन्हां बारा वर्षें वन कपाळीं येणार, हें त्याला दिसत असतें. भीम उठूं पाहतो तेव्हां तो आपल्या अंगठ्यानें त्याचा अंगठा दाबून त्याला थांबवितो. धीर धरा असें सांगणारा मनुष्य नेहमींच भेकड असतो असें नाहीं. त्याच्या मनांत हिशेब असतो, आणि तो कधीं कधीं बरोबरहि असतो. परंतु धीर धरण्याचा सल्ला देतांना समोरच्या बाईच्या अश्रूंना नाटक म्हणण्याची आवश्यकता काय होती? हा प्रश्न महाभारताचा कोणताहि प्रामाणिक वाचक विचारल्यावांचून राहणार नाहीं. द्रौपदीनें तो आपल्या परीनें विचारलाच. ज्यांचा वडील भाऊ द्यूताचा नादी, त्यांच्याकडून आणखी काय अपेक्षा करावी अशा आशयाचें तिचें उत्तर आहे, आणि कंक त्यावर गप्प आहे.

खाडिलकरांनीं हीच कथा उचलली. पुण्यांत तेव्हां मवाळ-जहालांचा वाद शिगेस पोंचला होता. १९०५ च्या वंगभंगाची जखम ओली होती, आणि सुरतेची फाटाफूट १९०७ च्या अखेरीस व्हावयाची होती. 'केसरी'च्या कचेरींत काम करणाऱ्या या नाटककाराला कंक आणि बल्लव यांच्यांत काय दिसलें असेल तें सांगावयास नको. नाटक गद्य आहे. महाराष्ट्र नाटक मंडळी गद्य नाटकांसाठींच प्रसिद्ध होती आणि 'मानापमान'चे खाडिलकर अजून जन्मास यावयाचे होते. या गद्याची ताकद मोठी आहे, तितकाच त्याचा भारहि मोठा आहे. पात्रें एकमेकांशीं बोलत नाहींत, एकमेकांपुढें वाद मांडतात; एका वाक्याच्या पोटांत तीन वाक्यें असतात आणि नटाचा श्वास पुरेल कीं नाहीं याची फिकीर लेखकाला नसते. 'सवाई माधवरावांचा मृत्यु' या पहिल्या नाटकांत शेक्सपिअरच्या हॅम्लेट-अथेल्लोंची छाया घेऊनहि खाडिलकरांनीं मनाच्या द्वंद्वाचे जे बारकावे पकडले, ते येथें कमी आहेत. कीचक हा उन्मत्त आहे, परंतु त्याच्या उन्मादाला आंतली बाजू फारशी नाहीं. शुद्ध नाट्यगुणांनीं पाहिलें तर त्याच लेखकाचें 'भाऊबंदकी' आम्ही निःसंशय वरचें मानूं.

हें मुद्दाम सांगितलें, कारण बंदी आलेली कृति थोरच असली पाहिजे अशी एक भाबडी समजूत आपल्यांत आहे. त्या समजुतींत धोका आहे. उद्यां एखाद्या सामान्य नाटकावर, ओबडधोबड कवितेवर किंवा रस्त्यावर ओरडलेल्या वेड्यावांकड्या घोषणेवर गदा आली कीं आपण म्हणणार, 'जाऊं द्या, त्यांत तसें कांहीं नव्हतेंच.' बोलण्याचा अधिकार चांगलें बोलणाऱ्यांपुरता असेल तर तो अधिकार नव्हे. तें बक्षीस झालें, आणि बक्षीस कोणाला द्यावयाचें हें देणारा ठरवितो. 'कीचकवध' मध्यम प्रतीचें नाटक असतें तरी त्यावरील बंदी तितकीच अन्यायाची ठरली असती.

ती बंदी ज्या वेळीं आली ती वेळ लक्षांत घेतली पाहिजे. १९०९ च्या जून महिन्यांत बाबाराव सावरकरांना एका कवितांच्या पुस्तिकेच्या प्रकाशनाबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच वर्षीं २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे यानें गोळ्या झाडल्या. त्या रात्रीं तेथें देवलांचें 'शारदा' नाटक होतें. त्यानंतर महिना-सव्वा महिन्यांत 'कीचकवध'वर हुकूम निघाला. या क्रमाकडे कोणीहि शांतपणें पाहावें. आधीं कवितेला शिक्षा, मग खून, आणि मग नाटकाला शिक्षा. खून झाला तो 'शारदा'च्या प्रयोगास आला असतां. परंतु 'शारदे'मुळें पिस्तूल सुटलें असें म्हणावयास कोणी धजलें नाहीं, कारण जरठ-कुमारी विवाहाच्या करुण कथेचा आणि पिस्तुलाचा कांहीं संबंध नाहीं हें सरकारलाहि कळत होतें. मग जें नाटक त्या रात्रीं नाशकांत नव्हतेंच, त्याचा संबंध कोठून आला?

तो प्रेक्षकांच्या मनांतून आला. लंडनच्या 'टाइम्स' पत्राचा लेखक व्हॅलेंटाइन चिरोल याच्या 'इंडियन अनरेस्ट' या १९१० सालच्या ग्रंथांत या नाटकाचें सविस्तर वर्णन आहे. कर्झनचें नांव रंगभूमीवर उच्चारलें जात नाहीं व छापील नाटकांतहि येत नाहीं, तरी थिएटरांतील प्रत्येकाला कीचक कोण हें माहीत असतें. युधिष्ठिर म्हणजे मवाळ पक्ष आणि भीम म्हणजे जहाल पक्ष, — असा त्याचा आशय आहे. प्रयोग पाहतांना स्त्रियांच्या डोळ्यांत येणारे अश्रु आणि पुरुषांचे ताठरलेले चेहरे यांचीहि नोंद तेथें आहे. टीकाशास्त्राच्या दृष्टीनें हा उतारा अमोल मानला पाहिजे. आरोपी तो शब्द बोललेला नाहीं असें फिर्यादीच सांगतो आहे! गुन्हा लेखणीचा नाहीं, नटाच्या जिभेचाहि नाहीं. तो ऐकणाऱ्यांच्या समजुतीचा आहे. आणि ती समजूत त्यांच्या मनांत कां उपजली याचा विचार केला असता तर उत्तर नाट्यगृहांत सांपडलें नसतें. कर्झनला कीचक बनविण्याचें सामर्थ्य खाडिलकरांपाशीं नव्हतें. तेवढें काम कर्झनच्या कारभारानें आधींच करून ठेविलें होतें.

गंमत अशी कीं रूपक पक्कें केलें तें बंदीच्या हुकमानें. तोंवर कीचक हा कीचकहि होता. विराटाच्या सभेंतील मुजोर मेव्हणा पाहावयाला आलेल्या एखाद्या भाविक म्हाताऱ्याला कर्झन आठवलाच पाहिजे असें नव्हतें. सरकारनें नाटक बंद करून जाहीर केलें कीं ती आकृति आमचीच आहे. एवढी ठाम टीका त्या काळच्या कोणत्याहि मराठी टीकाकारानें लिहिली नसेल.

ज्या कायद्यानें हें झालें त्याचें मूळहि मौजेचें आहे. कलकत्त्याच्या रंगभूमीवर प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीसंबंधानें एक प्रहसन झालें, त्यानें सरकारचा तोल गेला आणि १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा आला. त्यांत राजद्रोही, बदनामीकारक किंवा प्रेक्षकांना बिघडविणारे प्रयोग नुसत्या सरकारी हुकमानें थांबवितां येत होते. नाटककाराची बाजू ऐकण्याचें बंधन नव्हतें. हा बाणा इंग्लंडांतूनच आलेला होता. फील्डिंगच्या राजकीय प्रहसनांनीं बेजार झालेल्या वॉलपोलनें १७३७ सालीं नाटकांवर परवान्याची अट आणली, आणि लॉर्ड चेंबरलेनची ती कात्री थेट १९६८ पर्यंत चालू राहिली. मिल्टनच्या 'अ‍ॅरिओपॅजिटिका'चे वर्ग घेणारे आम्ही प्राध्यापक ही गोष्ट सांगावयास विसरतों. पुस्तकाला मोकळें सोडणाऱ्या त्या देशानें नाटकाला सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ साखळींत ठेविलें. मिल्टन स्वतः पुढें कांहीं काळ एका वृत्तपत्राचा परवाना-अधिकारी झाला होता, हेंहि जातां जातां नमूद करावें. विचाराची उंची आणि नोकरीची खुर्ची यांच्यांतलें अंतर कोणत्याहि देशांत फारसें वेगळें नसतें.

नाटकाचीच भीति कां वाटावी याचें कारण उघड आहे. पुस्तक मनुष्य एकटा वाचतो. नाटक पाहतांना त्याच्या शेजारीं दुसरा असतो, आणि आपल्याला जें वाटलें तेंच त्यालाहि वाटलें हें त्याला तत्क्षणीं कळतें. सत्तेला शब्दाइतकीच ही जाणीव जड जाते. सभा, मोर्चा, नाटक हीं या अर्थानें सख्खीं भावंडें आहेत. आमच्या घटनेनें बोलण्याचा अधिकार आणि निःशस्त्र जमण्याचा अधिकार एकोणिसाव्या अनुच्छेदांत लागोपाठच्या पोटकलमांत ठेविले, तो केवळ मसुदा लिहिणाराच्या सोयीचा भाग नसावा.

येथें एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाहीं. 'कीचकवध' हें नांवच वधाचें आहे. शेवटीं भीम अंधारांत कीचकाला ठार करतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवितात. तापलेल्या काळांत, हातीं पिस्तुलें आलेल्या तरुणांसमोर असें नाटक करणें म्हणजे आगीशीं खेळ नव्हे काय? आम्ही याला 'मुळींच नाहीं' असें उत्तर देणार नाहीं. साहित्याचा मनावर कांहीं परिणाम होत नाहीं असें म्हणून साहित्याचें रक्षण करणें ही साहित्याची मोठी बेअब्रू आहे. परिणाम होतो. प्रश्न आहे तो इतकाच कीं परिणामाच्या केवळ शक्यतेवरून तोंड बांधावें काय. १९६२ सालीं केदारनाथ सिंह खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें राजद्रोहाचें कलम कायम ठेवूनहि त्याला हिंसेची चिथावणी किंवा सार्वजनिक सुव्यवस्था बिघडविण्याची प्रवृत्ति यांची मर्यादा घातली. १९८९ सालीं एका तामिळ चित्रपटाच्या खटल्यांत तेंच न्यायालय आणखी पुढें गेलें. धोका दूरचा, तर्कानें काढलेला नसावा, तो त्या उद्गाराशीं प्रत्यक्ष जोडलेला असावा, आणि निदर्शनांच्या धमकीपुढें सरकारनें मान तुकवूं नये, असें त्याचें सार आहे. या मापानें मापलें तर पौराणिक पोषाखांतला भीम बराच दूर उभा आहे.

परंतु न्यायालयाच्या मापाहून आम्हांस व्यासांचें माप अधिक पटतें. कथेचा क्रम पाहा. सैरंध्री भीमाकडे गेली ती रात्रीं, आणि सभेनें तिला परत पाठविल्यानंतर. सभेंत तिचें ऐकलें गेलें असतें, विराटानें आपल्या मेव्हण्याला दोन शब्द सुनावण्याचें धैर्य दाखविलें असतें, तर नर्तनशाळेंतील ती काळोखी रात्र कथेंत आलीच नसती. दिवसाची सभा बंद झाली म्हणून रात्रीचा अंधार कामाला आला. कान्हेऱ्याच्या कृत्याचें समर्थन येथें करावयाचें नाहीं. जॅक्सन हा संस्कृताचा व्यासंगी मनुष्य होता आणि खून हा खूनच. तरीहि एका कवितेला जन्मठेप देणाऱ्या राज्यानें आपल्याभोंवतीं शांतता विकत घेतली असें त्या डिसेंबरानंतर कोणाला म्हणवेल?

आतां थोडें आमच्या किनाऱ्याकडे वळतों, कारण 'गाऱ्हाणें' हा शब्द या लेखाच्या माथ्यावर घातला आहे तो येथल्या अर्थानें. पुणेरी मराठींत गाऱ्हाणें 'सांगतात', आणि तें सांगणारा थोडा कुरकुऱ्या समजला जातो. सिंधुदुर्गांत, मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूस, गाऱ्हाणें 'घालतात'. गांवच्या देवापुढें मानकरी उभा राहतो, सगळा गांव मागें असतो, आणि तो देवाला खड्या आवाजांत कामें सांगतो. त्यांत विनंति असते, तक्रार असते, जुन्या वचनाची आठवण असते, आणि केव्हां केव्हां स्वर असा चढतो कीं परक्याला वाटावें हा देवाला दटावतो आहे. प्रत्येक वाक्यामागें जमलेले लोक एकसुरानें 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्या होकारावांचून गाऱ्हाणें पुरें होत नाहीं. देवाचा अपमान झाला असें आजवर कोणाला वाटलेलें आमच्या ऐकिवांत नाहीं. उलट ज्या देवाला गाऱ्हाणें घालतां येत नाहीं तो देव कसला, असाच येथील भाव आहे. हिंदुस्थानांतील राज्यकर्त्यांना, मग ते साहेब असोत वा आपलेच असोत, ग्रामदेवतेइतकें मोठें मन क्वचित्‌च लाभलें आहे.

याच भूमींत दशावतार वाढला. जत्रेच्या रात्रीं डोक्यावरचा पेटारा देवळापाशीं उतरतो, मृदंग-झांज आणि पेटी यांच्यावर आडदशावतार सुरू होतो, गणपति-सरस्वती येऊन जातात, आणि काळ्या वेषांतला, वेद चोरणारा संकासुर मालवणींत बोलूं लागतो. समोर बसलेल्या खोतापासून पुढाऱ्यापर्यंत कोणाचीहि तो थट्टा करूं शकतो. नंतरच्या आख्यानांत राजे शुद्ध मराठींत बोलतात, परंतु त्यांचेंहि बोलणें लिहिलेलें नसतें. कथानक ठरलेलें असतें, प्रवेश वांटून दिलेले असतात, संवाद नटाच्या मुखांत त्या रात्रीं जन्मास येतात. विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या खेळांतहि पद्य सूत्रधाराचें आणि गद्य नटाच्या स्फूर्तीचें असे. म्हणजे मराठी नाटक जन्मलें तें संहितेवांचूनच.

आतां हें आपल्या कायद्याशेजारीं ठेवून पाहावें. १८७६ चा कायदा २०१८ च्या आरंभीं केंद्रानें रद्द केला, तोपर्यंत तो पुस्तकांत होताच. परंतु मुंबई राज्यानें स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या पोलीस कायद्याखालीं निराळी व्यवस्था केली, आणि १९५४ पासून नाटकाची संहिता प्रयोगापूर्वीं परिनिरीक्षण मंडळाकडे देणें आलें. इंग्रज सरकार प्रयोग पाहून बंदी घालीत असे. आपण प्रयोग होण्याच्या आधींच वाचावयास मागूं लागलों! १९७२ सालीं तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'साठीं कमलाकर सारंग यांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. ते जिंकले, आणि ती हकीकत 'बाइंडरचे दिवस' या त्यांच्या पुस्तकांत आहे. या पूर्वपरीक्षणालाच अमोल पालेकर यांनीं २०१६ सालीं मुंबई उच्च न्यायालयांत आव्हान दिलें. या व्यवस्थेचें गृहीतक असें कीं बोलणें हें बोलण्यापूर्वीं कागदावर तयार असतें, आणि त्यांतल्या धोक्याच्या जागा तांबड्या शाईनें खोडतां येतात. दशावतारी नाईकाकडे कोणी संहिता मागितली तर तो पेटारा उघडून काय दाखविणार? मुकुट, शालू आणि हळद-हिंगूळ. संकासुर आज रात्रीं काय बोलणार हें संकासुरालाहि ठाऊक नसतें. आणि 'कीचकवधा'च्या उदाहरणानें दिसतेंच कीं लिहिलेली संहिता हातीं असली तरी भागत नाहीं. तींत कर्झन नव्हताच.

कधीं कधीं उलटहि घडतें. १९३० च्या मे महिन्यांत याच किनाऱ्यावर, शिरोड्याच्या मिठागरांत, मिठाचा सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर त्या वेळीं तेथल्या शाळेंत शिक्षक होते. मूठभर मीठ उचलणें ही क्रिया वस्तुतः किती क्षुल्लक! तिनें तिजोरींतून पैही गेली नसेल. परंतु ती क्रिया म्हणजे एक वाक्य होतें आणि तें उभ्या देशाला वाचतां आलें. खाडिलकरांच्या बाबतींत सरकारनें शब्दाला कृति समजून शिक्षा केली. शिरोड्यास लोकांनीं कृतीकडून शब्दाचें काम करवून घेतलें. भाषण आणि निदर्शन यांच्यामध्यें कायदेपंडितांनीं कितीहि रेघा ओढल्या तरी त्या अशाच पुसट राहणार.

व्यत्ययाचा मुद्दा मात्र हंसून सोडण्याजोगा नाहीं. शाहीनबागेच्या प्रकरणीं २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें निदर्शनाचा अधिकार मान्य केला, परंतु सार्वजनिक रस्ता बेमुदत अडविण्यास मान्यता दिली नाहीं. रुग्णाची गाडी अडली तर तो खरा व्यत्यय आहे. तो करणाऱ्यानें त्याचा जाब दिला पाहिजे. परंतु व्यत्ययाचा आरोप ऐकतांक्षणींच विचारावें कीं, काय चाललें होतें? कशांत विघ्न आलें? पुष्कळ वेळां उत्तर विराटाच्या सभेचेंच निघतें. डाव रंगांत आला होता. १९७५ च्या डिसेंबरांत कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाचा डाव असाच रंगांत यावयाचा होता. आणीबाणी चालू, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण केंद्रांत मंत्री, आणि अध्यक्षपदीं दुर्गाबाई भागवत. त्यांनीं त्या व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याचा आणि तुरुंगांत आजारी पडलेल्या जयप्रकाशांचा विषय काढला. प्रसंग पाहावा, सभ्यता पाळावी, उत्सवांत हें कशाला, — असें वाटणारे सज्जन तेव्हां थोडे नव्हते. पुढच्या वर्षीं दुर्गाबाईंना अटक झाली. त्या सभेचा दुसरा कोणता ठराव आज कोणाच्या लक्षांत आहे?

सभागृहांतील लोकहि कंक होऊं शकतात हें अलीकडे अधिक जाणवतें. 'घाशीराम कोतवाल' १९७२ च्या अखेरीस आलें आणि थोड्याच प्रयोगांनंतर संस्थेनेंच तें थांबविलें; १९७४ सालीं थिएटर अ‍ॅकॅडमीनें तें पुन्हां उभें केलें. नाना फडणिसांचें तें चित्र ज्यांना खटकलें त्यांना निषेधाचा पूर्ण अधिकार होता. त्यांनीं लेख लिहावेत, थिएटराबाहेर फलक घेऊन उभें राहावें, हवें तर प्रतिनाटक लिहावें. पडदाच पाडा असें ते म्हणूं लागले कीं मात्र त्यांची गणना गाऱ्हाणें घालणाऱ्यांत करतां येत नाहीं. मागून 'व्हय म्हाराजा' न म्हणण्याची मोकळीक प्रत्येकाला आहे. मानकऱ्याच्या तोंडावर हात ठेवण्याची ती नव्हे.

राजद्रोहाचें जुनें कलम सर्वोच्च न्यायालयानें २०२२ च्या मे महिन्यांत स्थगित ठेविलें आणि १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता आली. 'राजद्रोह' हा शब्द गेला. देशाच्या सार्वभौमत्वाला व एकतेला धोका आणणाऱ्या कृत्यांचें १५२ वें कलम आलें, आणि त्यांत उच्चारलेल्या व लिहिलेल्या शब्दांचा उल्लेख आहेच. त्या शब्दांचा अर्थ कोण लावणार, बोलणारा, ऐकणारा कीं चिरोलसाहेबासारखा कोणी तिऱ्हाईत, हें कलमावरून कळत नाहीं. तें खटल्यांतून कळेल.

'कीचकवधा'ची एखादी नवी आवृत्ति कोणी काढील तर आमची एक सूचना आहे. प्रस्तावना लांबवूं नये. नाटकापूर्वीं विराटपर्वांतील त्या सभेचा अध्याय मराठी अर्थासह छापावा, नाटकानंतर १९१० चा सरकारी हुकूम आणि चिरोलचें तें प्रकरण अनुवादून द्यावें. विद्यार्थ्यांना त्याहून अधिक टीपांची गरज पडणार नाहीं. आणि मालवण-कुडाळकडील एखाद्या दशावतारी कंपनीनें हेंच आख्यान जत्रेंत लावलें, तर सैरंध्री सभेंत शिरते तो प्रवेश घाईनें उरकूं नये. कंकाचें काम करणाऱ्या नटाला तेथें संहिता नसते. त्या बाईला तो त्या रात्रीं काय उत्तर देतो तें ऐकावयाला आम्ही पहिल्या रांगेंत येऊन बसूं.